गरोदरपणातली साखर, वजन आणि बीपी: आईवर आणि बाळावर परिणाम कसा आणि कुठवर

प्रश्न असा आहे: गरोदरपणात साखर वाढली, वजन जास्त असलं, बीपी चढलं तर आईच्या आणि बाळाच्या तब्येतीवर त्याचा परिणाम नेमका कसा होतो? बाळंतपणानंतर साखर नॉर्मल आली की विषय मिटतो का? आणि आईला मधुमेह झाला म्हणजे मुलालाही होणारच का?

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी: विषय मिटत नाही, आणि ‘होणारच’ असंही नाही. आता कारणं.

गरोदरपणात इन्शुलिनचा जोर कमी पडणं हा आजार नाही, ते प्रत्येकीत घडतं. वार, म्हणजे प्लॅसेंटा, जी हार्मोन्स सोडते त्यांच्यामुळे (प्लॅसेंटल लॅक्टोजेन, वारेचं स्वतःचं ग्रोथ हार्मोन, प्रोजेस्टेरॉन) आईचे स्नायू साखर कमी उचलतात आणि ती बाळासाठी रक्तात जास्त वेळ राहते. शेवटच्या तिमाहीत इन्शुलिनचा परिणाम साधारण निम्म्यावर येतो. भरपाई म्हणून स्वादुपिंड दुप्पट ते अडीचपट इन्शुलिन बनवतं. बहुतेकींना हे झेपतं. ज्यांच्या स्वादुपिंडाची ताकद मुळातच बेताची असते, किंवा वजनामुळे वा पीसीओएसमुळे (अंडाशय आणि हार्मोन्सचा एक विकार) इन्शुलिनला आधीच दाद मिळत नसते, त्यांची साखर चढते. म्हणजे गर्भारपणातला मधुमेह बहुतेक वेळा गरोदरपणाने नव्याने आणलेला नसतो, आधीची कमतरता त्याने उघडी पाडलेली असते. बाळंतपणानंतर आकडे खाली आले तरी ती कमतरता जागेवरच असते.

बाळाच्या बाजूला काय होतं? वारेतून आईची साखर पलीकडे जाते, इन्शुलिन जात नाही. डेन्मार्कच्या यॉर्गन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात मांडलेली ही साखळी आजही टिकून आहे: आईची जास्तीची साखर बाळाकडे जाते, बाळाचं स्वादुपिंड ती हाताळायला जास्त इन्शुलिन सोडतं, आणि गर्भात इन्शुलिन हे वाढीचं हार्मोन म्हणून काम करतं. चरबी साठते ती खांद्यांवर, धडावर आणि पोटावर. डोकं मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे अशा प्रसूतीत डोकं बाहेर येऊनही खांदा अडकण्याचा धोका असतो, आणि तो सोडवताना हाताच्या नसांना इजा होऊ शकते. साखर कधीच न वाढलेल्या आईच्या तितक्याच वजनाच्या बाळात हा धोका कमी असतो.

जास्त इन्शुलिनचे बाकीचे परिणाम आतले असतात. फुप्फुसं उघडी ठेवणारं सर्फॅक्टंट उशिरा तयार होतं. बाळाची ऑक्सिजनची गरज वाढते म्हणून लाल पेशी जास्त बनतात, आणि जन्मानंतर त्या मोडल्या की कावीळ वाढते. हृदयाच्या कप्प्यांमधला पडदा काही बाळांत जाड होतो. तो बहुधा काही महिन्यांत आपोआप पूर्ववत होतो. नाळ कापल्याक्षणी साखरेचा पुरवठा थांबतो, इन्शुलिन मात्र चढलेलंच असतं. म्हणून पहिल्या काही तासांत बाळाची साखर पडते.

सगळं खापर साखरेवर फोडणंही बरोबर नाही. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, शेवटच्या तिमाहीत एरवीही दुपटी-तिपटीने वाढतात. वजन जास्त असलेल्या आईत ते आणखी वर असतात, आणि वारेतली एन्झाइम्स त्यांचे तुकडे करून फॅटी ॲसिड बाळाकडे पाठवतात. साखरेचे सगळे आकडे मर्यादेत ठेवूनही बाळ मोठं निघतं, तेव्हा आईला ‘तुम्ही पथ्य मोडलं असणार’ असं सुनावण्याआधी हे आठवावं.

साखर किती वाढली म्हणजे धोका? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॅपो अभ्यासात नऊ देशांतल्या २३ हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांची ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी झाली. आकडे वाढतील तसं बाळाचं वजन, बाळाचं इन्शुलिन आणि पहिल्या सिझेरियनचं प्रमाण वाढत गेलं. ‘इथपर्यंत सुरक्षित, इथून धोका’ अशी पायरी कुठेच दिसली नाही. रेषा कुठेतरी ओढायची म्हणून उपाशीपोटी ९२, एक तासाने १८० आणि दोन तासांनी १५३ मिलिग्रॅम (दर डेसिलिटर रक्तामागे) हे आकडे ठरले. त्यांतला एक जरी गाठला तरी निदान होतं. काही ठिकाणी आधी ५० ग्रॅमची चाळणी आणि मग १०० ग्रॅमची चाचणी अशी दोन टप्प्यांची पद्धत आहे, तिचे आकडे वेगळे. म्हणून ९१ आले की सुटलो आणि ९३ आले की आभाळ कोसळलं, असं दोन्ही मानू नये.

पण आकडा खरा असेल तरच त्यावर बोलता येतं, आणि इथे सर्वांत जास्त घोळ होतो. चाचणी साधारण २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करतात. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं, दिवसाला किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. ‘उद्या टेस्ट आहे’ म्हणून दोन दिवस अर्धपोटी राहिलं की ग्लुकोजनंतरचा आकडा खोटाच वर जातो. रात्रभर किमान आठ तास उपास, पाणी चालतं. ग्लुकोज पावडर निर्जल असेल तर ७५ ग्रॅम, मोनोहायड्रेट असेल तर ८२.५ ग्रॅम, पुडीवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय वजन करू नये. ती २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत संपवायची, आणि वेळ मोजायची ती पहिल्या घोटापासून. मधल्या दोन तासांत एका जागी बसायचं. उलटी झाली तर चाचणी रद्द, उरलेले नमुने घेण्यात अर्थ नाही.

त्यानंतरची चूक कोणाला दिसतच नाही. नळीत काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. नमुना तसाच पडून राहिला तर दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. फ्लोराइडच्या नळीने हे थांबतं असं सगळे धरून चालतात, पण फ्लोराइड साखर मोडण्याच्या साखळीतल्या शेवटाकडच्या टप्प्याला अडवतं, त्यामुळे पहिले एक-दोन तास पेशींचं खाणं चालूच राहतं. खरी ९६ असलेली उपाशीपोटीची साखर नमुना तासभर टेबलावर राहिला की ९० होते आणि निदान हुकतं. उपाय दोन: नमुना लगेच बर्फात ठेवून अर्ध्या तासाच्या आत सेंट्रिफ्यूज करणे (यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या करणे), किंवा सायट्रेट असलेली नळी वापरणे. लॅबला एवढं विचारायला काहीच हरकत नाही.

एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) या कामाला पुरत नाही. गरोदरपणात लाल पेशी लवकर बदलतात म्हणून तो खरं असावं त्यापेक्षा कमी येतो. उलट लोह कमी असेल तर खोटा वर येतो. पहिल्या तिमाहीत तो जरूर करावा, कारण तेव्हा ६.५ किंवा जास्त आला तर हा मधुमेह गरोदरपणाच्या आधीपासूनचा आहे, आणि तो वेगळा, जास्त गंभीर मामला आहे. बाळाचे अवयव पहिल्या आठ आठवड्यांत घडतात. त्या काळात साखर चढलेली असेल तर हृदयाचे आणि मज्जारज्जूचे दोष होण्याची शक्यता एचबीए१सीबरोबर वाढत जाते. २६ व्या आठवड्यात उमटलेल्या मधुमेहाने हे दोष होत नाहीत, कारण अवयव तोवर झालेले असतात. बऱ्याच आयांना विनाकारण खाणारी ही भीती यामुळे जावी.

उपचाराने फरक पडतो का? तात्काळ बाबतीत नक्की पडतो. ऑस्ट्रेलियातल्या २००५ च्या एका मोठ्या चाचणीत उपचार घेतलेल्या गटात बाळांचे गंभीर त्रास ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले. जोखीम असलेल्या स्त्रियांमध्ये २० आठवड्यांच्या आत उपचार सुरू केले तर, हे २०२३ च्या एका चाचणीत पाहिलं गेलं: नवजात बाळाच्या अडचणी ३०.५ वरून २४.९ टक्के झाल्या. फायदा आहे, पण माफक. शिवाय उपचार न मिळालेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश जणींची साखर २४ ते २८ आठवड्यांत फेरतपासणीला नॉर्मल निघाली. त्यामुळे लवकर झालेल्या सीमेवरच्या निदानावर घाईने औषधं चढवू नयेत.

उद्दिष्टं: उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवणानंतर एक तासाने १४० च्या खाली किंवा दोन तासांनी १२० च्या खाली. तास जेवण संपल्यापासून नव्हे, पहिल्या घासापासून मोजायचा. हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. फळ कापलेल्या बोटाचा थेंब घेतला की ग्लुकोमीटर सहज दोनशेच्या वर दाखवतो. आणि ग्लुकोमीटरला साधारण १५ टक्क्यांची सूट असते, म्हणून एका आकड्यावर डोस बदलायचा नाही, तीन-चार दिवसांचा कल पाहायचा.

आहारात सर्वांत मोठी चूक म्हणजे कर्बोदकं जवळजवळ बंद करणं. आकडे छान येतात, पण आई उपासमारीत जाते. गरोदरपणात उपासाची स्थिती लवकर येते, रक्तात कीटोन्स (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढतात, आणि ते वारेतून पार होतात. दिवसाला किमान १७५ ग्रॅम कर्बोदकं, ७० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि २८ ग्रॅम तंतू ही प्रचलित शिफारस आहे. वाटणी महत्त्वाची. सकाळी इन्शुलिनला सर्वांत जास्त अडथळा असतो, म्हणून न्याहारीत कर्बोदकं कमी ठेवायची, दुपारी आणि रात्री थोडी जास्त. तीन जेवणं, मध्ये दोन-तीन छोटी खाणी. रात्रीचा उपास दहा तासांहून लांबला तर झोपताना थोडं काही खावं. प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे, कारण स्नायू काम करताना इन्शुलिनशिवायही साखर उचलतात.

एक-दोन आठवडे हे नीट पाळूनही एकाच वेळेचे साधारण एक तृतीयांश आकडे वर राहिले तर औषध लागतं. उपाशीपोटीची साखर आहाराने फारशी हलत नाही, ती रात्रभर यकृत सोडत असतं. तिला झोपतानाचं मध्यम पल्ल्याचं इन्शुलिन लागतं. फक्त न्याहारीनंतरचा आकडा चढत असेल तर न्याहारीआधीचं जलद इन्शुलिन पुरतं. इन्शुलिन बाळाकडे जात नाही ही त्याची मोठी जमेची बाजू. मेटफॉर्मिन (साखरेची गोळी) जातं. २००८ च्या मिग चाचणीत नवजात बाळांत त्याचा अपाय दिसला नाही, पण ४६ टक्के स्त्रियांना जोडीला इन्शुलिन द्यावंच लागलं. मेटफॉर्मिन घेतलेल्या आयांची काही मुलं पुढे नऊ वर्षांची असताना थोडी जाड आढळली, म्हणून बाळ लहान भरत असेल किंवा वार कमजोर असेल तिथे ते टाळलेलं बरं. ग्लायब्युराइड या दुसऱ्या गोळीने बाळं मोठी होण्याचं आणि त्यांची साखर पडण्याचं प्रमाण वाढतं. पहिली पसंती म्हणून ते देऊ नये.

दोन धोक्याच्या खुणा लक्षात ठेवाव्यात. शेवटच्या महिन्यांत इन्शुलिनची गरज वाढत जायला हवी. ती अचानक उतरली आणि साखर पडू लागली तर ‘बरं झालं’ म्हणून खूश होऊ नये, वारेचं काम आणि बाळाची हालचाल त्याच दिवशी तपासावी. आणि मुदतीआधी प्रसूती होईल म्हणून फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली की पुढचे चार-पाच दिवस साखर उसळते. तेव्हा इन्शुलिन आधीच वाढवावं लागतं.

बीपी आणि साखर यांची मुळं बरीचशी एकच: इन्शुलिनला अडथळा, रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा बिघाड. आधीपासून मधुमेह असेल, मागच्या खेपेला प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांवर परिणाम करणारा विकार) झाला असेल किंवा लठ्ठपणासारखी एकाहून जास्त कारणं असतील तर कमी डोसचं ॲस्पिरिन १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान सुरू करतात. २०१७ च्या एका चाचणीत रात्री १५० मिलिग्रॅम दिल्यावर मुदतीआधीचा प्रीएक्लॅम्प्सिया ६२ टक्क्यांनी घटला. वीस आठवड्यांनंतर सुरू करण्यात फारसं हशील नाही. वार तोवर रुजलेली असते.

बाळ जन्मल्यावर पहिल्या तासात अंगावर पाजायला घ्यावं, आणि पहिल्या दुधानंतर, दुसऱ्या पाजण्याच्या आधी टाचेतून साखर पाहावी. ४७ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर ४० टक्के डेक्स्ट्रोज जेल किलोमागे अर्धा मिलिलिटर, म्हणजे तीन किलोच्या बाळाला दीड मिलिलिटर, गालाच्या आत कोरड्या केलेल्या जागी चोळून पुन्हा पाजावं. वरच्या दुधाची बाटली लगेच पुढे करायची गरज बहुधा पडत नाही.

आता बाळंतपणानंतरचं. वार पडली की तिची हार्मोन्स जातात, काही तासांत इन्शुलिनची गरज कोसळते, बहुतेकींची बंदच होते. इथेच सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि सर्वांत महत्त्वाची तपासणी राहून जाते: ४ ते १२ आठवड्यांत पुन्हा ७५ ग्रॅमची चाचणी. नुसती उपाशीपोटीची साखर पुरत नाही, दोन तासांचाच आकडा बिघडलेला असण्याची शक्यता असते. एचबीए१सी या काळात रक्तस्रावामुळे भरवशाचा नसतो. निकाल आता एरवीच्या निकषांनी वाचायचा: उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, १२६ किंवा २०० आणि त्यापुढे मधुमेह. नॉर्मल आली तरी दर एक ते तीन वर्षांनी तपासणी जन्मभर.

जन्मभर का? गर्भारपणात मधुमेह झालेल्या स्त्रियांना पुढे टाइप २ होण्याचा धोका इतरांच्या सात ते दहा पट असतो. हॅपोमधल्या ज्या आयांचे आकडे वरच्या निकषांनी गर्भारपणातल्या मधुमेहाचे ठरतात (त्या वेळी त्यांना उपचारही मिळाले नव्हते), त्यांच्यात सरासरी अकरा वर्षांनी ५२ टक्के जणींची साखर बिघडलेली होती. इतर आयांत २० टक्के. हृदयविकाराचा धोकाही सुमारे दुप्पट असतो. चांगली बाजूही तितकीच ठोस आहे: अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत, पूर्वी गर्भारपणातला मधुमेह होऊन गेलेल्या आणि उंबरठ्यावर असलेल्या स्त्रियांमध्ये वजन उतरवणं आणि व्यायाम, किंवा मेटफॉर्मिन, या दोन्हींनी पुढचा मधुमेह साधारण निम्म्याने घटला. तसा इतिहास नसलेल्या आयांमध्ये मेटफॉर्मिनचा फायदा बराच कमी होता. जास्त महिने अंगावर पाजलेल्या आयांतही मधुमेहाचं प्रमाण कमी दिसतं.

मुलांचं काय? ‘जीन्समुळे की गर्भातल्या साखरेमुळे’ हा वाद सोडवायला सर्वांत देखणा पुरावा अमेरिकेतल्या पिमा समाजातला, २००० साली प्रसिद्ध झालेला. एकाच आईची दोन मुलं घेतली: एक तिला मधुमेह होण्याआधी जन्मलेलं, एक नंतर. नंतर जन्मलेल्या भावंडात मधुमेहाची शक्यता ३.७ पट निघाली. वडिलांच्या मधुमेहाआधी आणि नंतर जन्मलेल्या भावंडांत असा फरक दिसला नाही. म्हणजे आनुवंशिकता आहेच, त्यावर गर्भातल्या दिवसांची भर पडते. दुसऱ्या टोकाला, नेदरलँड्समधल्या १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात गर्भात असलेल्यांची साखर पन्नाशीत इतरांपेक्षा जास्त बिघडलेली आढळली. उपासमार आणि अतिपुरवठा, दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात.

तरी हिशेब प्रमाणात ठेवावा. हॅपोमधली मुलं १० ते १४ वर्षांची झाल्यावर त्या आयांच्या मुलांत साखर हाताळण्यातला बिघाड १०.६ टक्के होता, इतरांत ५ टक्के. म्हणजे दहातली नऊ मुलं ठीक होती. लठ्ठपणातला फरक तर आईचं वजन हिशेबात धरल्यावर बराच विरला. आणि गरोदरपणात साखर आटोक्यात आणल्याने मुलाचा पुढचा लठ्ठपणा टळतो, हे ऑस्ट्रेलियातल्या त्या चाचणीच्या मुलांमध्ये चार-पाच वर्षांनी दिसलं नाही. गरोदरपणात सुरू केलेल्या आहार-व्यायामाच्या २०१४ आणि २०१५ च्या लिमिट आणि अपबीट या चाचण्यांतही गर्भाच्या वयाच्या मानाने मोठ्या बाळांचं प्रमाण घटलं नाही. २४ व्या आठवड्यात जागं होणं आईच्या प्रसूतीसाठी वेळेवर असतं, मुलाच्या पुढच्या आयुष्यासाठी उशिराचं असतं.

म्हणून दोन बाळंतपणांमधला काळ वाया घालवू नये. स्वीडनमधल्या २००६ च्या अभ्यासात पहिल्या आणि दुसऱ्या गरोदरपणाच्या मधल्या काळात बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) ३ किंवा जास्तने वाढलेल्या स्त्रियांमध्ये मृतजन्माचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त होता, मूळ वजन नॉर्मल असतानाही. वजन उतरवायचं ते गर्भ राहण्याआधी; दिवस गेल्यावर वजन घटवण्याचा प्रयत्न करू नये, वाढ मर्यादेत ठेवावी: सुरुवातीचा बीएमआय १८.५ ते २४.९ असेल तर एकूण ११.५ ते १६ किलो, २५ ते २९.९ असेल तर ७ ते ११.५, आणि ३० च्या पुढे ५ ते ९. वजनाची शस्त्रक्रिया झाली असेल तर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबावं, नाहीतर बाळ लहान भरण्याचा धोका वाढतो.

आधीपासून मधुमेह असेल तर एचबीए१सी ६.५ च्या खाली येईपर्यंत गर्भनिरोधक चालू ठेवावं. १० च्या वर असेल तर गर्भधारणा पुढे ढकलावीच. बीपीच्या एसीई इन्हिबिटर आणि एआरबी गटातल्या गोळ्या बदलून घ्याव्यात, स्टॅटिनबद्दल (कोलेस्टेरॉलच्या गोळ्या) डॉक्टरांना विचारावं, सेमाग्लुटाइड (साखर आणि वजन उतरवणारं औषध) किमान दोन महिने आधी थांबवावं. डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा, कारण साखर झपाट्याने खाली आणताना तिथले जुने बदल वाढू शकतात. फॉलिक ॲसिड एरवी ४०० मायक्रोग्रॅम पुरतं, मधुमेह असेल तर बरेच डॉक्टर ५ मिलिग्रॅम देतात. ते गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधी सुरू व्हायला हवं: मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून २८ व्या दिवशी मिटते, आणि तोवर पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात.